घाटातलं उगालदान

"गाडी कोण चालवत होतं? एकानं बोला! एकानंच!"

फौजदारसाहेब असे ओरडले की मांजरसुंब्याच्या घाटातल्या वानरांनी तोंडातली बोरं टाकून दिली. भर दुपार, रविवार, आणि रस्त्यात आडव्या टाकलेल्या बांबूपासून चार बोटांवर आमची जीप उभी. चार बोटं म्हणजे मोजून चार. एका हवालदारानं नंतर बोटं लावून बघितली.

"मी," वकील म्हणाले. ते स्टिअरिंगमागं बसले होते. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले.

"मी! मी चालवत होतो!" सर म्हणाले. सर जीपच्या मागं पन्नास पावलांवर होते आणि अजून पळतच येत होते.

"साहेब, गाडी माझी, चालवणारा मी," मीही ओरडलो. माझ्या एका पायात चप्पल होती. दुसरी वरच्या वळणावर राहिली होती.

चौथा माणूस कमरेपासून खाली जीपच्या बाहेर आणि कमरेपासून वर जीपच्या आत होता. त्यानं हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढून धरलेला. तो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं ब्रेक सोडला नाही, मान तेवढी वळवली.

"मी चालवीत व्हतो, साहेब."

फौजदारसाहेबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. "चौघांत मिळून एक जीप," ते म्हणाले, "आणि चौघांच्याही तोंडाला वास."

वास होता. तो मी नाकारत नाही. ही गोष्ट मी आजवर किमान चारशे वेळा सांगितली आहे आणि दर वेळी घाट जरासा उंच होत जातो, हेही नाकारत नाही. पण वास होता, ब्रेक होता आणि उगालदान होतं, ह्या तीन गोष्टींत मी कधी तोळामासा फरक केलेला नाही.

देश उघडला, देश उघडला, असं तेव्हा रोज पेपरात यायचं. आमच्या बीडमध्ये काय काय उघडलं ते मी स्वतः बघितलं आहे. कोपऱ्या-कोपऱ्यावर टेलिफोनचे पिवळे बूथ उघडले, गच्चीगच्चीवर केबलच्या छत्र्या उघडल्या, कोचिंग क्लास तर इतके उघडले की शिकवणारे जास्त आणि शिकणारे कमी झाले. मोंढ्यात माझं बियाणांचं दुकान होतं, तिथंही परदेशी टोमॅटोच्या बियांची चकचकीत पाकिटं आली. पण खरं उघडलं ते मांजरसुंब्याच्या अलीकडच्या एका ढाब्यावर, एका रविवारी दुपारी बारा वाजता. तिथं आमच्या सरांनी जिल्ह्यातली पहिली द्राक्षाची वाईन उघडली. पहिली म्हणजे पहिलीच. तिच्याआधी कोणी उघडली असेल तर त्यानं पुढं यावं, मी दुकान त्याच्या नावावर करतो.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पेपर तपासायला म्हणून ते नाशिककडं गेलते आणि तिथं कोणीतरी त्यांना द्राक्षाच्या मळ्यात नेलं. परत आले ते टॉवेलात गुंडाळलेल्या दोन बाटल्या आणि डोळ्यांत एक वेगळीच चमक घेऊन. दारू पिणारे आमच्याकडं कमी नव्हते. पण ते प्यायचे आणि पडायचे, एवढंच शास्त्र. सर म्हणाले, "ही प्यायची नसते. ही ओळखायची असते." वकिलांना ते वाक्य फार आवडलं. वकील दिवाणी कोर्टात होते आणि बांधाच्या भांडणांनी बेजार झाले होते. त्यांना ओळखण्यासारखं काहीतरी हवंच होतं.

मी का गेलो? मी शैव घरातला, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. आमच्या सात पिढ्यांत कोणी ताकसुद्धा आंबट झालं तर प्यायलेलं नाही. पण माझ्याकडं जीप होती. सरकारी लिलावात घेतलेली, वरून पांढरा रंग दिलेला. पण आतली जुनी अक्षरं उन्हात अशी उमटायची की नाक्यावरचे जुने हवालदार सवयीनं सलाम करायचे. अशी जीप ज्याच्याकडं असते त्याला लोक शास्त्र शिकवायला बोलावतातच.

आणि जीप होती म्हणून मेहुणा होता. तो एसटीत ड्रायव्हर. सोळा वर्षं बीड-परळी, बीड-गेवराई, बीड-केज मारत होता आणि ह्या सोळा वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडीचं पीससुद्धा आलं नव्हतं. बिनअपघाती सेवेचा बिल्ला त्याला पुढच्या महिन्यात मिळायचा होता. त्याची बायको त्या दिवसासाठी साडी घेऊन बसली होती. रविवारी त्याला सुट्टी असायची आणि तो म्हणायचा, "दाजी, जीप तुमची, पन जीव समद्यांचा. स्टेरिंग माझ्याकडंच ऱ्हाईल." आम्ही त्याच्यासाठी भाकरी, शेवभाजी आणि सोड्याची बाटली सांगायचो. तो पीत नसे. एसटीतला माणूस आणि तोंडाला वास, म्हणजे नोकरी गेली असंच तो धरून चालायचा, मग कामावर असो की सुट्टीवर.

आता नाकाविषयी सांगतो.

सगळ्या मराठवाड्यात माझ्या मेहुण्यासारखं नाक नाही. निजामाच्या वेळी असेल, मला माहीत नाही. बस चालवताना मागच्या सीटवर कोणी मेथी घेऊन बसलं की तो आरशात न बघता सांगायचा, "बाई, जुडी उन्हातनं काढा, सुकतीय." ब्रेकचा पट्टा जळायच्या दोन दिवस आधी त्याला वास यायचा. डोळे बांधून बसमध्ये बसवलं तरी गाव कोणतं आलं ते सांगायचा, नेकनूरचा वास वेगळा आणि पालीचा वेगळा. एकदा त्यानं डेपोत म्हणे शिंकून सांगितलं होतं की पलीकडच्या गाडीच्या डब्यात कोणाची तरी शेंगदाण्याची चटणी खवट झाली आहे. डबा उघडला. झाली होती.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी सर पेला हलवत बसले होते, वकील पेल्यात बघत होते, आणि दोघांनाही वासाला नाव सुचत नव्हतं. सर म्हणाले, "काहीतरी फळासारखं." वकील म्हणाले, "मान्य." मेहुणा समोर भाकरी मोडत होता. त्यानं पेला न उचलताच म्हटलं, "जांभूळ हाय. पिकून खाली पडल्यालं, झाडावरचं न्हवं. आन मागून नव्या चामड्याच्या पट्ट्यावानी."

सरांनी पेला नाकाला लावला. मग बाटलीवरचा कागद वाचला. मग त्यांनी मेहुण्याकडं असं बघितलं, जसं आम्ही नव्या वाणाच्या पहिल्या कणसाकडं बघतो.

त्या दिवसापासून मेहुणा आमच्या चाखणाऱ्या मंडळाचा प्रमुख झाला. न पिता. कसा, ते सरांनीच शोधून काढलं. ते म्हणाले, मळ्यातले जाणकार दिवसाला चाळीस-चाळीस वाईनी चाखतात आणि शुद्धीत घरी जातात. कारण ते गिळत नाहीत. तोंडात घोळवतात, नाकानं वर घेतात आणि थुंकतात.

"थुंकतात?" वकील खुर्चीतून उठलेच. "बाटलीतली? सीलबंद?"

मलाही ते पटलं नाही. अन्न पानात टाकणं पाप, हे आम्हाला आजीनं शिकवलेलं. आणि बाटलीतलं थुंकणं म्हणजे तर तिघांनी काढलेली वर्गणी थुंकणं. पण मेहुण्याला ते एका क्षणात पटलं. त्याचं कारण तंबाखू. एसटीचा ड्रायव्हर थुंकण्यात जितका तयार असतो तितका जगात कोणी नसतो. चालत्या गाडीतून, वाऱ्याचा अंदाज घेऊन, मागच्या खिडकीतल्या बाईच्या पदराला थेंब न लागता मैलाच्या दगडावर नेम धरणारा माणूस तो. त्यानं विचारलं ते एवढंच, "थुंकायचं कशात?"

ढाबेवाल्या अण्णांनी आतून उगालदान आणलं.

उगालदान म्हणजे थुंकीचं भांडं, पण आमच्याकडं तो शब्द अजून अदबीनं घेतात. अण्णांचे आजोबा निजामाच्या एका तहसीलदाराकडं मुदपाकात होते आणि जाताना साहेबानं हे पितळी भांडं त्यांना इनाम दिलं होतं. खाली बसका पाय, वर कमळासारखं रुंद तोंड, मध्ये चिमटलेली मान. अण्णांनी ते चिंचेनं घासून लखलखीत ठेवलं होतं. "माझ्या आज्यापासनं ह्यात कुणी थुंकलं न्हाई," ते म्हणाले, "लायक माणूस भेटला न्हाई म्हनून." आणि त्यांनी ते मेहुण्याच्या उजव्या हाताला, तीन हातांवर ठेवलं.

पुढं दीड वर्षं दर दुसऱ्या रविवारी तो कार्यक्रम व्हायचा. अण्णा ओल्या पोत्यात गुंडाळून रांजणाच्या सावलीत ठेवलेली बाटली आणायचे. सोबत झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकरी, ठेचा, थंडीत हुरडा. आम्ही तिघं पेले भरून घ्यायचो. मेहुणा एक घोट घ्यायचा, गालातून गालात फिरवायचा, डोळे बारीक करायचा, आणि मग पिचकारी! तीन हातांवरून, भांड्याच्या चिमटलेल्या मानेत, टण् असा आवाज. मग निकाल. "ही कच्ची हाय. चिंचंच्या कवळ्या बोटकावानी." "हिला गेवराईच्या नदीतल्या टरबुजाचा वास हाय, सालीजवळच्या पांढऱ्याचा." "ही देऊ नका अण्णा कुनाला, हिचं बूच सडलंय." एकदा त्यानं हुरड्याबरोबर पांढरी चालते आणि ठेच्याबरोबर कोणतीच चालत नाही, असा निकाल दिला. वकिलांनी तो वहीत लिहून घेतला. लोक नुसतं बघायला यायला लागले. ट्रकवाले खाट सोडून आमच्या टेबलाभोवती उभे राहायचे. आणि आमचा ढाबा होता बीड जिल्ह्यात, हे लक्षात घ्या, पॅरिसच्या गल्लीत नव्हे.

अण्णा सोमवारी ते उगालदान कढीपत्त्याच्या झाडाला घालायचे. ते झाड पुढं ढाब्याच्या पत्र्याच्या वर गेलं. कोणी विश्वास ठेवत नाही, पण पत्र्याला भोक पाडावं लागलं.

मग जिल्ह्याला नवे मोठे साहेब आले आणि हुकूम निघाला की रस्त्यावर तोंडं हुंगायची. कायदा जुनाच होता. पण आजवर तो पुस्तकात होता, आता रस्त्यावर आला. दुपार असो, संध्याकाळ असो, लग्नाची गाडी असो, सोडायची नाही. आम्हाला बातमी होती. तरी आम्हाला फिकीर नव्हती, कारण आमच्या जीपचा ड्रायव्हर जिल्ह्यातला सगळ्यात शुद्ध माणूस होता. गाडी चालवणारा पीत नाही, तर कायदा आपलं काय करणार? असं वकीलच म्हणाले होते.

त्या रविवारी आम्ही एक तांबडी उघडली. मेहुण्यानं दोनदा घोळवली, दोनदा थुंकली. दोन वाजता आम्ही निघालो. पहिलं वळण उतरलो आणि खाली, दुसऱ्या वळणावर, आडवा बांबू दिसला. खाकी कपडे दिसले. मेहुण्यानं गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. मग त्यानं हाताच्या ओंजळीत श्वास सोडला आणि हुंगला. स्वतःचाच वास त्या नाकाला आला. त्याचं तोंड पांढरं पडलं.

"दाजी," तो म्हणाला, "माझ्या तोंडाला वास हाय."

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. दीड वर्षं आम्ही ज्या गोष्टीची तारीफ करत होतो तिच्यात हे भोक होतं. पोटात थेंब नाही, पण तोंडाला वास आहे. आणि हुंगणारा पोट हुंगत नाही.

"बिल्ला जाईल," मी म्हणालो.

"बिल्ला कशाचा घेऊन बसलात? नोकरी जाईल," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज असा मी आधी कधी ऐकला नव्हता. "कावून थुंकीत बसलो मी तिथं? सोडा पिऊन गप पडलो असतो तर?"

आणि इथं आम्ही ती चूक केली. ती फक्त आम्हीच करू शकलो असतो, कारण तिला प्रेम लागतं आणि प्रत्येकी तीन पेले लागतात. वकील म्हणाले, "उतर खाली. मी बसतो स्टिअरिंगवर. माझी काय नोकरी जाणार? मी वकील आहे, माझ्यावर केस झाली तर मीच लढेन." सर म्हणाले, "नको, मी बसतो, माझी पेन्शन पक्की आहे." मी म्हणालो, "गाडी माझी आहे." तिघं तिकडून उतरून इकडून चढायला लागलो. मेहुणा ओरडत होता, "आवो, तुमाला चालवता येती का? उतार हाय! दाजी, उतार हाय!" पण त्याला आम्ही ओढून बाहेर काढलं होतं. म्हणजे, चौघांत एकटा जो शुद्धीत होता त्याला आम्ही स्टिअरिंगवरून काढला आणि जो सगळ्यात जास्त प्यायला होता त्याला बसवला. पोलिसांपासून वाचायला.

वकिलांनी बसल्या बसल्या पहिला हात हँडब्रेकला घातला आणि तो सोडला. का, ते त्यांना कोर्टातही सांगता आलं नाही.

जीप निघाली. इंजिन बंद, आवाज नाही, नुसती सरकली. आधी बैलगाडीसारखी, मग एसटीसारखी, मग तर देव जाणे कशासारखी. डाव्या हाताला दरी. वकील आत, डोळे मिटून, तोंडानं कायद्याची कलमं म्हणत होते. मी मागं पळालो, चप्पल गेली. सर मागं पळाले, श्वास गेला. आणि माझा मेहुणा, पोटभर भाकरी खाल्लेला, पन्नाशीकडं झुकलेला माणूस, हरणासारखा उतारावर पळाला. जीपच्या बाजूला आला, उडी मारून अर्धा आत घुसला, एका हातानं स्टिअरिंग दरीपासून डोंगराकडं फिरवलं आणि दुसऱ्या हातानं ब्रेक ओढला. पाय रस्त्यावर घासत होते. त्याचे एसटीचे काळे बूट, तळवे झिजून पातळ झालेले, अजून माझ्या माळ्यावर आहेत. मी ते मागून घेतले.

चार बोटं. तिथं थांबली. आणि मग फौजदारसाहेब ओरडले.

तर चौघांनीही "मी" म्हटलं. फौजदारसाहेब परजिल्ह्यातले होते, तरुण, कडक, कपड्यांची इस्त्री इतकी की वाकले तर मोडतील. त्यांनी आम्हा चौघांना रांगेत उभं केलं.

"किल्ली कुठाय?"

जीपला किल्ली नव्हती. वकिलांनी खिसे चाचपले, सरांनी चाचपले, मी माझे चाचपले. मेहुण्यानं हळूच खिशातून किल्ली काढून पुढं धरली. सीटवरून उतरायचं तर किल्ली काढूनच, ही सोळा वर्षांची सवय. त्याला ओढून काढतानाही त्याच्या हातानं ती काढून घेतली होती.

"म्हणजे इथपर्यंत चालवत तू आणलीस."

"व्हय, साहेब."

"आ कर."

मेहुण्यानं आ केला. फौजदारसाहेबांनी नाक जवळ नेलं आणि मान हलवली. "लिहा," ते हवालदाराला म्हणाले. "काम काय करतोस?"

आम्ही तिघं एकदम बोलायला लागलो तसे साहेब आमच्यावर गरजले, "तुमचं नंतर!" मग मेहुण्यानं सांगितलं, "एसटीत ड्रायव्हर हाय, साहेब. पन मी प्यालो न्हाई. मी थुंकली."

हवालदार हसले. एक जण तर बांबूला धरून हसला. "बीड जिल्ह्यात," तो म्हणाला, "दारू थुंकणारा माणूस! साहेब, उद्या हा म्हनंल उसातून रस न्हाई निघत."

"खरं आहे!" सर धापा टाकत म्हणाले. "तोंडातला वास आणि रक्तातला अल्कोहोल ह्या दोन गोष्टी आहेत. चूळ भरू द्या, वीस मिनिटं थांबा, मग तपासा. हे रसायनशास्त्र आहे."

"आणि पुरावा आहे," वकील म्हणाले. डोळे आता उघडले होते. "ज्यात थुंकली ते भांडं ढाब्यावर आहे."

फौजदारसाहेब कडक माणूस, पण कडक म्हणजे सरळ. त्यांनी मेहुण्याला चूळ भरायला तांब्या दिला, घड्याळात बघितलं आणि एका हवालदाराला मोटरसायकलवर ढाब्याकडं पाठवलं.

हवालदार परत आला तेव्हा मागच्या सीटवर अण्णा होते. मांडीवर उगालदान, त्यावर धुतलेली दस्ती झाकलेली. अण्णांनी ते हवालदाराच्या हाती दिलंच नव्हतं. घाटातल्या सगळ्या खड्ड्यांतून त्यांनी ते कलशासारखं धरून आणलं, थेंब न सांडता. दस्ती काढली. आत तांबडं, दोन घोटांच्या वर काही नाही.

"हे यानंच थुंकलं कशावरून?" साहेब म्हणाले.

"आवो साहेब," अण्णा म्हणाले, "बाकीच्या तिघांनी बाटलीत तरी काय ठेवलं का?"

ह्यावर साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते म्हणाले, "मला बघायचंय." त्यांनी उगालदान रस्त्यात ठेवलं आणि स्वतः पावलं मोजली. मी तीन हात म्हणालो होतो. त्यांनी बारा पावलं मोजली. हे बारा पावलांचं कोणाला खोटं वाटलं तर त्यानं अण्णांना विचारावं. ते पंधरा सांगतात. मेहुण्यानं तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं, गालातून गालात फिरवलं, डोळे बारीक केले. घाटात वारं होतं. त्यानं मान दोन बोटं डावीकडं घेतली.

टण्.

हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. मागं तोवर दोन ट्रक आणि एक वऱ्हाडाचा टेंपो थांबला होता, त्यांनीही वाजवल्या. माझी छाती अशी फुगली की शर्टाची दोन बटणं गेली. एक सापडलं.

साहेबांनी मात्र टाळी वाजवली नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, पेटीतून काचेची नळी काढली. आत पिवळे खडे, पुढं रबरी फुगा. मोठ्या साहेबांनी नव्यानं आणवलेली वस्तू ती. "फुगव," ते म्हणाले.

मेहुण्यानं फुगवली. आम्ही कोणी श्वास घेतला नाही. बिल्ल्याच्या दिवसासाठी त्याच्या बायकोनं घडी घालून ठेवलेली ती साडी मला त्या खड्यांत दिसत होती. साहेबांनी नळी उन्हात धरली. पिवळं. हळदीसारखं पिवळं, जसं होतं तसं.

मग त्यांनी नवी नळी काढून वकिलांच्या तोंडाला लावली. खडे पोपटासारखे हिरवे झाले.

मेहुणा सुटला. वकिलांवर केस झाली. इंजिन बंद असताना उतारावरून घरंगळणारी गाडी ही चालवलेली गाडी होते का, ह्यावर त्यांनी कोर्टात पाऊण तास भाषण केलं. असं भाषण त्या कोर्टानं कधी ऐकलं नव्हतं, आणि ते हरले. लायसन काही महिने गेलं. ते सायकलवर कोर्टात जायचे आणि रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे की आपण एकच खटला हरलो आहोत आणि तो बरोबर हरलो आहोत. सरांना आणि मला साहेबांनी त्या दिवशी एवढंच सांगितलं, "मागं बसा. आणि बीड येईपर्यंत एकानंही 'मी' म्हणायचं नाही." मेहुण्याला त्यांनी किल्ली परत दिली आणि मग विचारलं, "कोणत्या फळाचा वास येतो हो त्या वाईनला?"

"जांभूळ, साहेब," मेहुणा म्हणाला. "खाली पडल्यालं."

पुढच्या महिन्यात त्याला बिल्ला मिळाला. साडी नेसली गेली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि डेपोच्या साहेबांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवल्या, त्यांनी मला दोनदा खाली बसायला सांगितलं.

पण मी सांगत होतो त्या रविवारचं. आम्ही दिवेलागणीच्या आधी घरी आलो. मेहुणा जीप लावून, किल्ली खुंटीला अडकवून आपल्या घरी गेला. मी एका पायात चप्पल घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलो. बायको भाकरी थापत होती. तिला मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच सांगत होतो, घाट अजून खऱ्या उंचीचा होता. तिच्या भावाचं नाक, त्याची पिचकारी, दरीकडून डोंगराकडं फिरवलेलं स्टिअरिंग, चार बोटं, बारा पावलं, पिवळे खडे. मी उठून उभा राहिलो, मी हातवारे केले, मी म्हणालो, "तुझ्या भावासारखा माणूस जिल्ह्यात न्हाई. थुंकला म्हणून वाचला. त्यो वाचला आन आमाला वाचवलं. समदा घाट बघत व्हता!"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, हात पुसला.

"मंग तुमी कावून न्हाई थुंकलं?" ती म्हणाली.